बावीस तारखेचा डोळा

गल्लीत त्यांना सगळे डोळेबाई म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘कृत्रिम डोळे करून मिळतील’ एवढंच होतं. पाटी वाचून कुणी हसलं तर बाई म्हणत, "हसा, हसा. तुम्हाला गरज न पडो म्हणजे झालं." अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या खोबणीचा साचा घ्यायचा, अ‍ॅक्रिलिकचा डोळा ओतायचा आणि शाबूत डोळ्याकडे बघत बघत त्यावर बुबुळ रंगवायचं, हे काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. पांढऱ्यावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचा एकेक तंतू सुटा करून चिकटवायच्या. एका गिऱ्हाइकाच्या सासूला तर लग्नानंतर सहा वर्षं डोळा खोटा असल्याचा पत्ताच लागला नव्हता.

हल्ली मात्र बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलाशी यायच्या, ब्रश उचलायच्या, त्याचं टोक थरथरायला लागलं की तो ठेवून खिडकीशी जायच्या. खिडकी उघडायच्या, लावायच्या, परत टेबलाशी. दीड महिन्यापासून उजव्या हाताला कंप सुटला होता. औषधानं कमी होईल, पण पुरता जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नव्हती.

आणि एवढं ठाऊक असून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी एक काम घेतलं होतं. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला एक तरुण आला होता.

"बावीसला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय," तो म्हणाला होता. "हॉटेलच्या काउंटरवर. पट्टी चालणार नाही म्हणून बजावलंय त्यांनी. तोवर होईल ना?"

"होईल," बाईंच्या तोंडून निघून गेलं होतं. नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती. त्यानं आगाऊ रक्कम ठेवली, बाईंनी पावतीवर तारीख घालून सही केली. सही वाकडी आली, ते त्याच्या लक्षात आलं नाही. साचा घेऊन झाला, डोळाही ओतून झाला. बुबुळ तेवढं कोरं राहिलं.

अकरा तारखेला सकाळी धाकटा भाऊ डोकावला. तो एका वकिलाकडे कारकून होता. वीस वर्षं कागद लावून लावून कायदा तोंडपाठ, अंगावर काळा कोट तेवढा नाही. ताईनं ओतलेला चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडला, तेव्हा त्यानं किटली हळूच काढून घेतली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ताई."

मग बाईंनी सगळं सांगितलं, येरझाऱ्या घालतच. शेवटी विचारलं, "समजा, नाहीच झालं माझ्याच्यानं. तर?"

"त्यानं काम सांगितलं, तू हो म्हणालीस, मोबदला ठरला. कागद नसता तरी हा करारच होता. मोडलास तर करारभंग."

"म्हणजे कोर्ट मला रंगवायला बसवणार?"

"छे! जागा विकायचं कबूल करून कुणी फिरला, तर ती द्यायला लावतात. पण हातच्या कसबाला कोर्ट जुंपत नाही. जबरदस्तीनं रंगवलेला डोळा कोण लावून घेईल? तो नुकसानभरपाई मागेल."

"आगाऊ परत करते की."

"तेवढ्यावर भागायचं नाही. दुसरीकडे जास्त पडले तर तो फरक तुझा. नोकरी हुकली तर तीही तुझ्या गळ्यात येऊ शकते. तारीख कशासाठी हवी, ते त्यानं आधीच सांगितलं होतं ना?"

बाई मटकन बसल्या. लगेच उठल्या.

"पण ऐक," भाऊ म्हणाला. "कायदा त्यालाही सांगतो की, बाबा, हातावर हात ठेवून बसू नकोस, दुसरा कारागीर बघ. पण त्याला कळलं तर तो बघेल! आज सांगितलंस तर अकरा दिवस आहेत."

"दुसरा कारागीर आहे कुठे इथे?"

भाऊ छताकडे बघत म्हणाला, "एक आहे."

"तिचं नाव काढू नकोस!"

ती म्हणजे बाईंच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलेली शिष्या. सोडून जाताना तिनं लिहून दिलं होतं की, पाच वर्षं या शहरात हा धंदा करणार नाही. वर्षभरात तिनं पुलापलीकडे दुकान थाटलं. बाई तो कागद घेऊन तरातरा भावाकडे गेल्या होत्या. माणसाला पोटापाण्याच्या धंद्यापासून अडवणारी अट कोर्टात टिकत नाही, असं भावानंच सांगितलं होतं. तेव्हापासून बाईंनी शिष्येशी बोलणं टाकलं होतं आणि कायद्याशीही.

दुपारी त्यांनी तरुणाला बोलावून घेतलं आणि हात पुढे धरला. सांगावं लागलंच नाही.

"काम घेतलंत तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "बाई, मी तुमचा हात बघून आलो होतो! आता ऐन वेळी मी कुणाच्या दारात जाऊ?"

बाईंनी खालच्या मानेनं शिष्येचं नाव घेतलं. तिनं जास्त मागितले तर वरचे आपण भरू, म्हणाल्या. त्यानं डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "चालेल. पण रंग तुम्ही पास करायचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी तो डोळा घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाई पुलाच्या मध्यावरून दोनदा माघारी फिरल्या. तिसऱ्यांदा पलीकडे पोचल्या. शिष्येनं मिठीबिठी काही मारली नाही. हातातलं काम खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करीन. पण लेखी. जुना करार संपला, नवा माझ्याशी, तिघांच्या सह्या. उशीर झाला तर जबाबदारी माझी. आणि मध्येमध्ये टोकायचं नाही."

"टोकणारच," बाई म्हणाल्या.

पाच दिवस त्या टोकत राहिल्या. तरुणाच्या बुबुळात बाहुलीजवळ मधाच्या रंगाचा एक ठिपका होता, त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. शिष्येनं तीनदा पुसून चौथ्यांदा रंगवला. बाई शेजारी उभ्या राहून उजवी मूठ डाव्या हातानं आवळून धरत, आणि तरीही ब्रश आपल्याच बोटांत असल्यासारखी त्यांची मनगटं हलत.

वीस तारखेला डोळा बसवला. तरुणानं आरशात डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कडेला जरा गडद नाही का?"

"नाही!" दोघी एकदमच म्हणाल्या.

होता. केसभर गडद होता, बाईंना दिसत होतं. पण हा फरक काउंटरपलीकडून कुणाला दिसणार नव्हता, आणि खुद्द त्यांच्या हातून आता याच्या पासंगालाही पुरेल असं काही उतरलं नसतं. त्यांनी मान हलवली. तो बावीसला कामावर गेला. वरचा फरक बाईंनी भरला. दाव्याचा विषय कुणी काढला नाही.

पण बाईंच्या वहीत आणखी तीन कामं कबूल केलेली होती. तेवीस तारखेला त्या टेबलाशी बसल्या आणि तिघांना पत्रं लिहायला घेतली. अक्षर इतकं हललं होतं की पहिलं पत्र त्यांना स्वतःलाच वाचता येईना. ते फाडलं. दुसरं लिहिताना दोनदा उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि "माझ्या हाताला कंप आहे" हे वाक्य त्यांनी सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत घातलं.