पूजेला काढलेल्या पट्ट्या

काचेचं कापड आणि राळ यांचे थर देऊन केलेलं प्लास्टिक तेव्हा, साठीच्या दशकात, नवलाईचं होतं. उष्णता आणि दमट हवा त्याला कितपत सोसते, हे बेंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासत होतो. माझ्याकडे त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या होत्या. त्या महिनाभर कढत पाण्यात ठेवायच्या आणि बाहेर काढताक्षणी, ओल्याच, मशीनवर ओढून तोडायच्या. वाळू दिल्या तर गेलेली ताकद थोडीफार परत येते आणि सगळा हिशेब चुकतो.

साहेब म्हणाले होते, दसऱ्यानंतर पट्ट्या तोडा आणि खुशाल दिवाळीला घरी जा. पुण्यात आई एकटी होती, मी एकुलता एक. इथे चिकपेटातल्या खोलीत माझ्याशी बोलायला भिंती तेवढ्या होत्या. दिवाळीकडे डोळे लावून बसलो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, इथे यंत्रांना सुट्टी. त्यांना पुसून, गंध लावून, झेंडू वाहायचा आणि मग हात लावायचा नाही. त्या दुपारी जेवून आलो, तर माझ्या पट्ट्या मशीनपुढे केळीच्या पानावर मांडलेल्या. कोरड्या ठणठणीत, प्रत्येकीला कुंकवाचं बोट. हा पराक्रम आमच्या मदतनिसाचा. तो इथल्या जुन्या मराठी घरातला.

"सगळ्यांची पूजा, मग ह्यांनीच काय केलं, अण्णा? सकाळीच काढून पुसल्या. परत घालतो की पाण्यात, सरी? चालेल ना?"

मी तोंडाला येईल ते बोललो. पण उपयोग काय? नव्या पट्ट्या, नवा महिना. दिवाळीवर पाणी पडलं.

नरकचतुर्दशीला पहाटेच तो मदतनीस मला आपल्या घरी न्यायला आला. त्याच्या आईने पाटावर बसवलं आणि तेल लावायला घेतलं. "स्वल्प मान वाकव रे," म्हणाली. तिचा हात डोक्यावरून फिरला आणि मला रडू फुटलं. तेल डोळ्यांत गेलं, असं सांगितलं. भरल्या घरात बसून इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्या आईनेही त्या पहाटे सवयीने तेल कोमट केलं होतं आणि वाटी तशीच ठेवून दिली होती. हे मला पुढे शेजारणीने सांगितलं. आई कधी बोलली नाही.