शाळेसमोरचं क्रॉसिंग

धायरीच्या रस्त्यावर आम्हाला साहेबांनी फसवलं. आम्ही म्हणजे वस्तीतल्या टपरीवाल्या बाया. साहेब म्हणजे रस्त्याचं नवं काम काढणारे इंजिनिअर.

नकाशा घेऊन आले होते. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग, मध्ये थांबायला जागा, सिग्नल. बदल्यात आम्ही टपऱ्या मागे घ्यायच्या. मी बोहारीण. जुन्या साड्यांवर भांडी देत दारोदार फिरले, त्यातून टपरी उभी केली. अदलाबदलीत मला सहसा कोणी गंडवत नाही. सौदा चोख वाटला. बाकीच्या बायांना मीच तयार केलं.

टपऱ्या मागे गेल्या. मोकळ्या जागेवरून गाड्यांची आणखी एक रांग धावू लागली. क्रॉसिंग निघालं पार पुढे, मोठ्या सोसायटीच्या गेटसमोर. शाळेसमोर दुभाजकावर लोखंडी जाळी.

सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. मी मागे भिंतीशी उभी. विचारलं, "साहेब, आमचं क्रॉसिंग कुठं गेलं?"

"मावशी, पुढून वळसा घालून या की. चालणं तब्येतीला चांगलं."

हॉल हसला. पुढच्या रांगेतले एक काका मान वळवून म्हणाले, "अहो, गाडीपुढे तळहात धरायचा आणि घुसायचं, ही यांची जुनी सवय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!"

पुन्हा हसले. मग साहेब मला म्हणाले, "बसा आता." खुर्ची कोणी दिली नव्हती.

हात आम्ही दाखवतोच. या शहरात चालणाऱ्याकडे दुसरं आहे काय?

जाळीचा एक गज कोणीतरी वाकवला. पोरं त्या फटीतून जाऊ लागली. शाळेत खिचडी शिजवणारी माझी शेजारीण शालन, तीही. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी, दुपारी घरी येताना तिनं हात दाखवला. दुभाजकाजवळची गाडी थांबली. कडेच्या रांगेतली थांबली नाही. ती रांग आमच्या टपऱ्यांच्या जागेवरची.

शालन वाचली. पाय कापावा लागला.

मी तक्रार केली. साहेब स्वतः टपरीवर आले, स्टुलावर बसले. "मावशी, चूक तिचीच होती. उगाच वाढवू नका. तक्रार मागे घ्या. टपरी पुन्हा पुढे आणलीत तर आमचं काही म्हणणं नाही."

जन्मभर घासाघीस केली. या सौद्यात तोंड घातलं नाही.

"उठा," मी म्हणाले. "आणि मावशी म्हणू नका. मी तुमची कोणी नाही."

सोमवारी शाळा उघडते. सुट्टीत रिकाम्या रस्त्याची सवय लागून गाड्या सुसाट झाल्यात. फट तशीच आहे. पोरं तिथूनच येणार, हे साहेबांना माहीत आहे, काकांना माहीत आहे. म्हणून सोमवारी आम्ही बाया दोन्ही रांगा अडवून रस्त्यात बसणार. हटवायला पोलीस आणा, नाहीतर कोणालाही आणा.

क्रॉसिंग कोणी हलवलं? कोणाच्या सांगण्यावरून? मला नाव पाहिजे. तो माणूस पाहिजे. त्यानं शालनच्या खाटेशी उभं राहावं आणि चूक तिची होती, हे तिच्या तोंडावर सांगावं.