यकृताचा म्हणे मित्र!

जपानमधल्या शिझुओकाच्या आमच्या डोंगरउतारावर फुसाएकाकू एक्केचाळीस वर्षं चहा पिकवतात. पानं किती वेळ वाफवायची, ते नुसत्या वासावरून सांगतात. दिवसाला दहा कप हिरवा चहा पिऊनही बाई ठणठणीत! म्हणून आमच्या सहकारी संस्थेने चहाच्या अर्काच्या गोळ्या काढल्या, तेव्हा डबीवर फोटो छापला काकूंचा. खाली लिहिलं, 'यकृताचा मित्र'.

मार्चमध्ये काकूंचे यजमान सेइजी पिवळे पडले. डॉक्टरीणबाईंनी औषधांची वही मागितली. इथे ती प्रत्येकाकडे असते, पडशाची गोळीसुद्धा तीत लिहितात. सेइजींची वही कोरी.

"वहीत न लिहिलेलं काही घेता?"

"छे, काही नाही."

तपासण्यांत दोन आठवडे गेले. कावीळ वाढतच होती. एका सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या तोंडात टाकताना काकूंनी त्यांना पकडलं. यकृत बिघडलंय म्हणून गडी दुप्पट घेत होता!

"अहो, हे डॉक्टरांना सांगितलंत का?"

"अगं, चहा काय औषध आहे? मग पाणी पितो तेही सांगू?"

ही चूक आम्हा चहावाल्यांनीच करावी. मीही केली असती.

काकूंनी डबी नेऊन दाखवली, तशा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. दहा-बारा कपांचा अर्क रिकाम्या पोटी एकदम! सगळ्यांना बाधत नाही, म्हणाल्या, पण ज्याला बाधतो त्याचं यकृत जाऊही शकतं. आता वाट बघायची.

संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष ओइशी कागद फडकावत होते. "प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशी चहाच्या अर्कात टवटवीत राहिल्या!"

"पुढचं पान वाचा की," मी ओरडलो. "अर्क वाढवल्यावर त्याच पेशी मेल्या!"

"तू कधी डॉक्टर झालास रे?"

"नाही झालो. पण वाचता येतं मला."

लोक हसले. काकू उभ्या राहिल्या. "ओइशीभाऊ, बशीतल्या पेशींनी माझा चेहरा बघून गोळ्या नाही घेतल्या. माझ्या नवऱ्याने घेतल्या. गोळ्या बंद करा."

"चिडू नका वहिनी. पहिला खुडा तोंडावर आलाय. तुमची पानं घेणार कोण?"

सरळ धमकी! माणूस पिवळा पडलाय आणि ह्यांना खुडा दिसतो!

संस्थेने काय केलं? काकूंच्या चेहऱ्यावर कोरी चिकटपट्टी लावली. गोळ्या तशाच विकायला. काकूंनी पानं डोंगरापलीकडच्या कारखान्याला दिली, भाव कमी मिळाला तरी.

मेअखेर सेइजींचे डोळे निवळले. यकृत वाचलं. तरी काकू रोज सकाळी संस्थेच्या दुकानाच्या दारात उभ्याच.

"डबी घेताय? घ्या. पण आधी आमच्याकडे या, ह्यांचे तपासणीचे कागद बघा, मग खुशाल गिळा."

काल ओइशींनी मला गाठलं. "अरे, गिऱ्हाईक पळतंय. तिला आवर जरा."

मी म्हटलं, "एकट्या थकतात हो त्या. उद्यापासून मीही येतोय."