फेसाशिवाय साबण

साबणावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधावरून भाऊबंदांतही होत नसतील. दोष माझाच. एम.एस्सी.ला मी विषयच घेतला जैविक साबणाचा. यीस्टच्या जातकुळीतल्या एका सूक्ष्मजीवाला साखर आणि तेल खायला घातलं, की तो सोनेरी, घट्ट पदार्थ तयार करतो. तेलकट मळ त्यानं अलगद सुटतो. तेल मी उधन्याच्या बाजारातल्या फरसाणवाल्याकडून आणायची, कढईत उरलेलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना अवेळी भूक लागायची.

माझे वडील, आमचे आप्पा, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात कामाला. दिवसभर ऑइलात हात. सुटी झाली की आधी रॉकेल, मग कपड्यांची पावडर. बोटांची सालपटं निघून भेगा पडल्या. जॉर्जेटचा बारीक धागा त्या भेगांत अडकून तुटायला लागला, तसं शेठनं त्यांना जाड कापडाच्या लूमवर टाकलं. हात बरे झाले तरच परत जॉर्जेट. आप्पा नुसती भाकरी कुस्करत बसले. मला फार राग आला. कुणाचा, ते कळेना. डॉक्टर म्हणाले, पावडर बंद करा, नाहीतर मलम फुकट.

माझं द्रावण मी आधी महिनाभर स्वतःच्या हातांना वापरलं, माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तपासून होकार दिला, मग बाटली आप्पांना दिली. तीन आठवडे गेले. भेगा जशाच्या तशा. आपला प्रयोग आपटला असं धरून मी एकदा मनसोक्त रडून घेतलं. मग एका संध्याकाळी मोरीत आप्पांना हात धुताना पाहिलं. त्यांनी माझ्या द्रावणानं हात स्वच्छ धुतले, नीट निरखले, आणि वर मूठभर पावडर घेऊन पुन्हा खसाखसा घासले!

“आप्पा! हे काय?”

“माय, फेस नही, ते मळ कसा निघी?”

फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नसतो, हे मी अर्धा तास समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “त्यासले फेस जोयजे ना? मंग फेस दे. शिकाडी काय ऱ्हायनी!”

केसांसाठी ठेवलेले रिठे तिनं उकळून गाळून दिले. रिठ्यावरचं मी दोन वर्षं वाचत होते, आणि सुचलं आईला! ते पाणी द्रावणात घातलं आणि फेस असा उसळला, की आप्पा खुदकन हसले. पावडरचा डबा आईनं त्याच दिवशी शेजारणीला कपड्यांसाठी देऊन टाकला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “रिठ्यानं मळ जास्त निघतो का?”

“थोडासाच, सर.”

“मग घातला कशाला?”

“वडिलांसाठी.”

सर चष्म्यावरून बघत राहिले, पण पास केलं.

दोनेक महिन्यांनी आप्पा खात्यातून आले ते थेट माझ्यापाशी. “शेठनी माले परत जॉर्जेटवर टाकं!” म्हणत त्यांनी माझी पाठ अशी थोपटली, की मी पुढं झुकले. आनंदाच्या भरात ते हात धुवायचेच विसरले होते. माझ्या नव्या कोऱ्या पिवळ्या कुर्त्यावर ऑइलची पाचही बोटं उमटली. आई त्यांच्यावर ओरडली आणि माझी बाटली घेऊन धावत आली. मी तिला हात लावू दिला नाही. तो कुर्ता मी अजून धुतलेला नाही.