आमच्या वहिनीची खातरजमा

आमच्या वहिनीचा पटकन विश्वास बसेल अशी एकही गोष्ट या भूतलावर अजून निर्माण झालेली नाही. दारात पोस्टमन आला तर पत्र कोणाचं हे ती विचारत नाही, 'तुम्ही पोस्टमन कशावरून?' असं विचारते. पाहुणा आला की त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातातल्या फोनकडे बघते. थोडा संशय प्रत्येक सासुरवाशिणीला घ्यावाच लागतो, पण वहिनीने त्यात रीतसर पदवी घ्यायचं ठरवलं, आणि तेही वयाच्या अडतिसाव्या वर्षी. झालं असं की एका चुलत पुतणीसाठी म्हणून तिने सायबर सुरक्षेच्या बी.व्होक.चा फॉर्म आणला होता. हाताला काम शिकवणारी ही पदवी पोरीच्या उपयोगी पडेल, असा तिचा हिशेब. पोरीने नाक मुरडलं, कारण तिला मेकअप शिकायचा होता. फॉर्म कोराच राहिला. आता कोरा फॉर्म घरात उघड्यावर पडू देणं किती धोक्याचं, म्हणून वहिनीने तो स्वतःच्या नावाने भरून टाकला! दादा म्हणाला, "चार दिवसांचं खूळ आहे." ते खूळ तीन वर्षं टिकलं.

आमचं घर नारपोलीत. खाली दादाचा कारखाना, म्हणजे कापड विणणारे आठ लूम, आणि वर आम्ही. लूम चालू असताना आमच्या गल्लीत कुजबुजणं कोणालाच जमत नाही. नवरा-बायकोची भांडणं, पोरांचे मार्क, म्हाताऱ्यांची पोटं, सगळं आम्ही ओरडूनच बोलतो. बँकेचा ओटीपी आला की दादा खालून "किती?" म्हणून बोंब मारायचा आणि आई वरून सहाच्या सहा आकडे साऱ्या नारपोलीला ऐकवायची. पहिल्या सत्रातच वहिनीने हा प्रकार बंद पाडला. आकडे तोंडाने बोलायचे नाहीत, बोटांनी दाखवायचे. आठवडाभर सुरळीत चाललं. मग एकदा ती गॅलरीतून दादाला बोटं दाखवत असताना समोरच्या कारखान्यातल्या कारीगराने मान वर केली आणि अगदी अदबीने विचारलं, "भाभीजी, आख़िरी वाला छह था कि सात?" बिचाऱ्याला मदतच करायची होती. ती माणसं सबंध शिफ्टभर एकमेकांशी बोटांनीच बोलतात, आणि त्यांच्याच समोर वहिनीने गुप्त लिपी काढली होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

पण ती हार मानणाऱ्यातली नव्हे. वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. पहिले पंधरा दिवस ती तिला शिक्षिका समजून उभी राहायची आणि हिनेही त्यांना खाली बसायला सांगून बघितलं. घरी आली की शिकलेला धडा आमच्यावर गिरवायची. एकदा मला माझ्या मेव्हण्याच्या हळदीचं निमंत्रण फोनवर आलं. आमच्याकडे हळद म्हणजे मटणाचं जेवण, मी कसला थांबतोय, लगेच दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटलं, "भावजी, नापास." मेव्हण्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. वहिनीने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "आता मटण कुठं जेवणार?" 

सगळ्यात जास्त मेहनत तिने आईवर घेतली. आई सत्तरीची, निरक्षर नाही पण अक्षरांशी तिचं फारसं सख्य नाही. तिला वहिनीने रोज भाजी निवडता निवडता पढवलं: "आई, आता कोणाचाही आवाज काढता येतो. माझ्या आवाजात फोन आला तरी आधी परवलीचा शब्द विचारायचा." हा शब्द दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. लक्षात राहावा म्हणून वहिनी माशांची नावं ठेवायची. एकदा बोंबील झाला, एकदा मांदेली, मग निवटी. कपाटाला तिने आकड्यांचं कुलूप बसवलं, ते आकडे फक्त आईला पढवले, आणि कॉलेजचं ओळखपत्र, लग्नाचा दाखला असली मातब्बर चीजवस्तू त्यात कोंडून ठेवली. ओळखपत्र गळ्यात अडकवून फिरणं म्हणजे चोराला आपला पत्ता देणं, असं तिचं मत होतं.

त्यामुळेच शेवटच्या सत्राच्या शेवटच्या पेपरला तिच्याजवळ ओळखपत्र नव्हतं. या एकाच पेपरचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलेलं, तिला ओळखणारं तिथे कोणी नाही. मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो होतो. दारावरच्या पर्यवेक्षक बाईंनी हॉलतिकीट पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, आणि म्हणाल्या, "ही दोन वेगळी माणसं आहेत." बाईंचं काही चुकलं नव्हतं. हॉलतिकिटावर बारावीच्या मार्कशीटवरचं, माहेरचं नाव होतं. आधारवर आमचं. आडनाव बदललेलं, ते ठीक. पण आमच्याकडे मुलीचं पहिलं नावही बदलतात. हॉलतिकिटावरचा फोटो तर असा काळा आला होता, की ती वहिनी आहे की लूमची मोटर, हे दादालाही सांगता आलं नसतं. "ओळखपत्र किंवा लग्नाचा दाखला, काहीतरी मागवा," बाई म्हणाल्या. "पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने मी कोणाला आत सोडू शकत नाही." आणि हा पेपर बुडाला की वर्ष बुडालं. वर्ष बुडालं की दादा म्हणणार, पुरे आता. वहिनीला ते ठाऊक होतं.

तिने घरी फोन लावला. "आई, कपाट उघडा आणि माझ्या कागदांचा फोटो काढून पाठवा. लवकर!"

पलीकडे आठ लूम धडधडत होते. "कोन बोलतंय?"

"मी आई, तुमची सून."

"सून पेपरला गेली. शब्द सांग."

तारीख होती दोन. परीक्षेच्या गडबडीत नवा शब्द ठरवायचाच राहून गेला होता. "निवटी," ती चाचरत म्हणाली.

"तो मागचे महिन्याचा. ठेव फोन, चोरटे!"

मी फोन हिसकावून घेतला. "आई, अगं मी आहे."

"माजे पोराचा पन आवाज काढला का रं तुमी?" आई कडाडली. एरवी मी पोट धरून हसलो असतो. तीन वर्षांत वहिनीने एकच विद्यार्थी पक्का तयार केला होता, आणि तो आता तिलाच आत घेत नव्हता.

"आई, पाया पडते," वहिनीला रडू फुटायच्या बेतात होतं. "काहीही विचारा, पण उघडा."

आईने जरा विचार केला. मग म्हणाली, "लगीन झाला त्याचे दुसरे दिवशी मोरीत बसून रडलीस. कशाला रडलीस? ता फक्त मना न तुना ठाव हाय."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि फोनला अगदी तोंड लावून काहीतरी पुटपुटली.

"ऐकू न्हाय येत! मोठ्यान बोल!"

"माझं नाव बदललं म्हणून!" वहिनी ओरडली. शिपाई, बाई, आत बसलेली पोरं, सगळ्यांनी ऐकलं. "बाबांनी ठेवलेलं होतं ते!"

"कनचा नाव?"

वहिनीने ते ओरडून सांगितलं. तेच हॉलतिकिटावर होतं. बाईंनी एकदा त्या कागदाकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. "जा, बसा. कागदांचे फोटो यांच्या फोनवर येऊ देत, मी बघते." दोन मिनिटांत फोटो आले. पहिल्या तीन फोटोंत आईचा अंगठाच होता.

मी फाटकाबाहेर तीन तास उभा होतो. दादाने ताटातल्या तांदळात अंगठीने वहिनीचं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी सातवीत होतो. नाव वाचून मीच पहिली टाळी वाजवली होती आणि दोन पेढे खाल्ले होते. तेव्हापासून बावीस वर्षं तिच्या हातचं जेवतोय. तिचं आधीचं नाव काय, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. ते नाव इथे लिहायचं मनात होतं, पण वहिनीची सक्त मनाई आहे. कोणी गैरफायदा घेईल म्हणते.

घरी परतलो तेव्हा गल्लीतले कारखाने जेवणाच्या सुट्टीत बंद होते आणि तेवढ्यापुरती शांतता होती. वहिनी उंबऱ्यात चपला काढत होती. आतून आईची हाक आली, नेहमीची 'सूनबाई' नव्हे, तर ते नाव, सकाळी फोनवर ऐकलेलं. वहिनीचा एक पाय चपलेतच राहिला. मी वाट बघत होतो, की ही आता विचारेल, कोण बोलतंय, कशावरून?

तिने काहीच विचारलं नाही. "आले, आई," म्हणाली, आणि तशीच, एका पायात चप्पल घालून आत गेली.