पडदे रंगवणाऱ्या भाऊंच्या गावाला

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊकच आहे, मी जुनी चित्रं गोळा करते. हातानं रंगवलेल्या पाट्या, फोटो स्टुडिओतले देखावे, ट्रकांवरचे मोर. दिवाळीत एका वाचकानं कळवलं, की गडचिरोलीच्या जंगलात झाडीपट्टी नाटकांचे, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगावी होणाऱ्या नाटकांचे, पडदे रंगवणारे एक भाऊ अजून आहेत. फ्लेक्स आल्यापासून असे पडदे दिसेनासेच झालेत. मी नवऱ्याला, सुनीलला, म्हटलं, "जाऊ या." तो म्हणाला, "पेपरात नक्षलवाद्यांच्या बातम्या वाचतेस ना तू?" तरी धानकापणी उरकल्यावर निघालोच.

चंद्रपूरहून सकाळी मोटरसायकल काढली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीला पेट्रोल भरून घ्या आणि टपरीवर तर्री घातलेला आलूबोंडा खा. पुढे दोन्हींचा भरवसा नाही. आलापल्लीच्या बाजूला सागवान रस्त्यावर झुकत येतं. भर उन्हात रस्त्यावर माणूस नाही. एका वळणावर झाड आडवं पडलेलं. सुनीलनं असा ब्रेक दाबला, की मी त्याच्या पाठीवर आदळले. वाऱ्यानं पडलं की कुणी पाडलं, हे बघायला थांबलो नाही. कडेच्या मातीतून गाडी काढली.

भाऊंचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. का, ते कळेलच. अंगणात त्यांनी पडदा उलगडला. राजवाडा, कारंजं आणि कारंज्याला टेकून उभी चक्क एक सायकल!

"राजवाड्यात सायकल कशी हो, भाऊ?"

"राजाले घाई राह्यते ना, बाई," म्हणाले आणि खळखळून हसले. तो हसरा चेहरा मी टिपला. माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो.

परतताना गाव मागे पडलं आणि रस्त्यात दोघं उभे दिसले. साधे शर्ट, पायात चपला. एकानं हात केला.

"कोन तुमी? कुठून येऊन राह्यले?"

"चंद्रपूरहून," सुनील म्हणाला. "नाटकाचे पडदे बघायला."

त्यानं माझ्याकडे कॅमेरा मागितला. मी दिला. एकेक फोटो सरकवत तो भाऊंच्या चेहऱ्यावर थांबला.

"हे काय सांगत व्हते तुमाले?"

"नाटकाचंच. दुसरं काही नाही."

"अन् हे फोटो कोनाले दाखवता?"

"इंटरनेटवर टाकते. सगळे बघतात."

"सगळे?" त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. आम्ही चंद्रपूरला जाणार होतो. भाऊ इथेच राहणार होते.

कॅमेरा परत मिळाला. "जा. कुठी थांबू नका."

ते पोलीस होते की दुसरे कोणी, मला आजही माहीत नाही. सुनीलनं आष्टीपर्यंत गाडी थांबवली नाही. रस्त्यात मोबाईलला रेंज नव्हती आणि भाऊंकडे फोनच नव्हता. घरी आल्यावर मी ओळखीपाळखीत फोन लावत सुटले. शेवटी त्यांच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळाला, दुकानदारानं भाऊंना बोलावून आणलं.

"आले व्हते ते दोघं," भाऊ म्हणाले. "चाय पेले. ते बाई कोन म्हनून विचारलं. मी म्हटलं, पडदा पाहाले आल्या व्हत्या." "पडदा टाका नेटवर. माझं तोंड टाकू नका, बाई. मले इथीच राहाचं हाये."

म्हणून खाली फक्त पडदा आहे. चित्रकार कोण, असं प्रतिक्रियांमध्ये विचारू नका. त्या रस्त्यानं जा, असं मी सांगणार नाही; जाऊ नका, असंही नाही. सागवान फार सुंदर आहे. पण कॅमेरा उचलण्याआधी आता माझा हात थांबतो.

भाऊंचा फोटो मी छापून घेतला आणि एका नाटकवाल्याच्या हातून त्यांना पोचता केला. मग संगणकावरून पुसायला बसले. नक्की पुसायचा का, असं संगणकानं विचारलं. मी बराच वेळ त्या हसण्याकडे पाहत राहिले आणि मग 'होय' दाबलं.