सुपेकर सरांची राहिलेली खिडकी

फोन आला तेव्हा मी श्रीगोंद्यात एका मंगल कार्यालयाच्या भिंतीवर हत्ती रंगवत होतो. हत्ती असा उतरला होता, की समोरच्या रसवंतीवाल्यानं त्याच्यापुढं उसाची दोन कांडकी आणून ठेवली आणि चहा पिऊन येईपर्यंत त्यातलं एक गायब! फक्त डोळा राहिला होता. फोनवर नगरचे हनीफभाई, बेकरीवाले. त्यांना माझं खरं नाव आजही माहीत नाही. सर मला ज्या नावानं हाक मारायचे, तेच त्यांनीही धरलेलं. "मिरजगाव," ते म्हणाले, "ये रे बाबा. सर गेले." मी म्हटलं, "कुठं?" ... इतका मूर्ख प्रश्न मी जन्मात विचारला नसेल. मागं बेकरीतलं पीठ मळायचं मशीन तेवढं घरघरत राहिलं. मी ब्रश डब्यात टाकला आणि एस.टी. पकडली. हत्तीचा डोळा राहिला तो राहिलाच. तिथली लग्नं अजून आंधळ्या हत्तीच्या साक्षीनं लागतात.

दिनकर सुपेकर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. नगरबाहेर ते फारसं कुणी ऐकलं नाही, आणि नगरात ज्यांनी ऐकलं ते 'टाक्या काढणारे सर' म्हणून. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलो तेव्हा माझ्या पिशवीत डोंगरामागं बुडणारे इतके सूर्य होते, की वर्गात दिवे लावायची गरज नव्हती. आता आमच्या मिरजगावात डोंगर शोधायला दुर्बीण लागते. आईवडलांचं हायवेला वड्याचं हॉटेल, मी लहानपणापासून पाहिले ते ट्रकचे हेडलाइट. पण चित्र म्हणजे डोंगर, सूर्य आणि घागर घेतलेली बाई, असं मला कुणीतरी शिकवलं होतं आणि मी ते इमानानं काढत होतो. एका दुपारी ऊन असं पडलं, की सावलीच झाडाखाली जाऊन बसली. मी पंख्याच्या आशेनं एका हॉलमध्ये शिरलो. आत प्रदर्शन होतं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बारीक चणीचे एक गृहस्थ पेंगत होते.

समोरच्या चित्रात स्टँडमागच्या इमारतींची पाठ होती. पाण्याच्या काळ्या टाक्या, लोंबणाऱ्या वायरी, गंजका कूलर, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. त्या गल्लीतून मी रोज नाक दाबून जायचो. चित्रापुढं उभा राहिलो आणि तिथल्या हॉटेलातली तळलेली मिरची नाकात शिरून मला सटासट शिंका आल्या. खोटं वाटेल, पण त्या शिंकांनीच ते गृहस्थ जागे झाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "लई भारी हाय, पन एवढ्या घरांत मानूस एक न्हाई?"

"कुठला तू?"

"मिरजगाव."

"मग मिरजगाव, इकडं ये. ती खिडकी बघ." टाकीखाली नखाएवढा पिवळा ठिपका होता. "दिवा लागलाय ना? म्हणजे कुणीतरी घरी आलंय. माणूस आणखी कसा दाखवायचा?"

त्या दिवशी मी सगळे सूर्य गादीखाली घातले, आणि सुपेकर सरांच्या मागं लागलो. त्यांची कामाची रीत जगावेगळी. सगळं चित्र पुरं करायचं, पण खिडक्या राखाडी ठेवायच्या. मग संध्याकाळी त्या जागी जाऊन उभं राहायचं. ज्या खिडकीत दिवा लागलेला डोळ्यांनी पाहिला, तिलाच घरी येऊन पिवळा द्यायचा. न पाहता एकही नाही. एका खिडकीसाठी आम्ही अख्खा उन्हाळा गटारीशेजारी काढला, त्या घरातली मंडळी गावी गेली होती. तिथले डास असे, की दोघांनी मिळून मला उचललं असतं, एवढंच की कुठं न्यायचं यावर त्यांचं एकमत होईना. अखेर एके दिवशी ती खिडकी उजळली. सर हळूच म्हणाले, "आले." कुणाच्या तरी घरची माणसं आली होती, आणि सरांचा आवाज असा ओला, की जणू पाहुणे त्यांच्याच घरी उतरलेत. ... सरांच्या खोलीत चहाचा एकच कप होता. मी गेलो की तो मला, आणि स्वतः वाटीत ओतून घ्यायचे.

त्यांच्या पायी मीही नगर रंगवू लागलो. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेड, फ्लेक्सच्या मागच्या बांबूच्या कैच्या. पाट्यांवर अहिल्यानगर झालं, कंडक्टर अजून 'नगर, नगर' ओरडतोय, तीही आरोळी मला रंगात धरायची होती. माझ्या बाता ते तोंडावरची रेघ न हलवता ऐकायचे. पण एकदा मी घाईत, न बघता, एका खिडकीला पिवळा दिला, तेव्हा म्हणाले, "मिरजगाव, थापा तोंडानं मार. हातानं नको."

शेवटचं चित्र त्यांनी हनीफभाईंच्या गच्चीवरून केलं. समोर सरांचीच इमारत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचीच खोली. एकेक करून सगळ्या खिडक्या उजळल्या, ही एक राखाडी राहिली.

"सर, तुमची?"

"मी इथं उभा असलो की तिथं कोण आहे?"

"मी जाऊन बसतो की! बटन दाबायला काय लागतंय?"

त्यांनी ब्रश पुसला, पुन्हा पुसला. "मग ती तुझी खिडकी झाली रे."

दिवसकार्य उरकल्यावर सरांची भाची, नंदाताई, संगमनेरहून खोली रिकामी करायला आल्या. चित्र अजून हनीफभाईंच्या गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्येच होतं. ते बघून म्हणाल्या, "हे मी घरी लावणार. पण ही खिडकी अंधारी बघवत नाही रे. तेवढी पुरी करशील?" मी त्यांना सरांचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "मग मी जाते तिथं. मी घरचीच आहे ना?"

मी आणि हनीफभाई गच्चीवर थांबलो, पिवळा काढून ठेवला. समोर नंदाताई खिडकीत आल्या आणि ओरडल्या, "अरे, लाईटच नाही! मालकानं तोडलीये वाटतं. मोबाईलची बॅटरी लावू का?" नको म्हटलं. तो पांढरा उजेड दवाखान्यातला. त्या आत वळल्या आणि खिडकी पुन्हा मोकळी झाली. वरची उजळली, खालची उजळली, शेजारची उजळली. मधली एक तशीच.

"लाव की," हनीफभाई म्हणाले.

"न पाहता?"

"वा रे वा! दिवसभर जगाला टोप्या घालत फिरतो, आन आज शहाजोग झाला? आपल्या मानसासाठी एक न्हाई निघत?"

मी ब्रश उचलला. एक थाप मारली. हातानं.

नंदाताई खाली येऊन, रस्ता ओलांडून वर आल्या. चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दिसला दिवा?"

"दिसला म्हणजे काय! सर होते ना ताई. खिडकीत बसून वाटीतनं चहा पीत हुते. मला म्हनले, डास लई झालेत, आत ये."

हनीफभाईंनी घसा साफ केला. "व्हय. म्या पन पाह्यलं."

चित्र आता संगमनेरला आहे. मी नगरातच, कापडबाजारामागं एका खोलीत. संध्याकाळी बाहेर पडताना दिवा चालूच ठेवतो. घरमालक लाइटबिलावरून असा बोंबलतो, की स्टँडवरच्या गाड्या वेळेआधी सुटतात. बोंबलू दे. परतताना गल्लीच्या तोंडाशी उभा राहून वर बघतो. खिडकी पिवळी असते. "आले," असं हळूच म्हणतो ... आणि खिशातली किल्ली चाचपत जिना चढतो.